हमिंग, अर्थिंग आणि मुलुंडची लोकल

जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, सीएसटीपासून ठाण्यापर्यंत, डोक्यावरच्या तारेतला १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह गेला आणि २५,००० व्होल्टचा एसी आला. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे रूळ आहेत, त्यामुळे मुलुंडमध्ये आम्हाला ही बातमी पेपरात वाचायच्या आधी स्टेशनातल्या अनाउन्समेंटमधून कळली होती. तारेला छत्री लावू नका, टपावर चढू नका, वगैरे. तीन महिन्यांनी गणपती आले. मंडपात साउंड लावून झाला, काकांनी अँप चालू केले आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून एक जाड, न हलणारी 'घूं' यायला लागली.

काका म्हणजे आमच्या मंडळाचे साउंडवाले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि रुळांकडे बोट दाखवलं. "रेल्वेने पंचवीस हजार व्होल्ट सोडलेत ना वरनं, त्याचं हमिंग आहे हे. मागच्या वर्षी होतं का?"

मागच्या वर्षी नव्हतं, हे खरं होतं. मी तेव्हा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मंडळात 'याला इलेक्ट्रिकचं कळतं' अशी माझी ख्याती होती. काकांनी मला पक्कड दिली आणि अँपच्या प्लगची तिसरी पिन, वरची जाड पिन, मोडायला सांगितली. मी मोडली. घूं थांबली. काकांनी पाठ थोपटली, कुणीतरी कटिंग चहा आणून दिला. त्या पिनेचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे. पण काकांच्या त्या वाक्याने मला नंतर अनेक वर्षं वाचायला लावलं. रेल्वे, टेलिफोन आणि स्पीकर यांचं हे भांडण मला वाटलं त्यापेक्षा खूप जुनं निघालं.

आधी हा आवाज नेमका काय आहे ते सांगतो. भारतातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. ती कुठूनही ध्वनीच्या वायरीत शिरली की ५० हर्ट्झचा सूर ऐकू येतो, आणि त्याच्या पटीतले १००, १५० वगैरेही. हार्मोनियमवरची पांढरी पाच खालच्या सप्तकांत ४९ आणि ९८ हर्ट्झला येते. म्हणजे मुंबईतला प्रत्येक बिघडलेला स्पीकर पांढरी पाचच्या जरासा वर गुणगुणतो. आमच्याकडे भजनाला येणारे एक आजोबा पांढरी पाचलाच गायचे. त्यांना त्या दिवशी सूर सापडेना, आणि तो का सापडेना हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, तिथला हम काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी पडतो. तिथल्या भजनी मंडळांना निराळा त्रास होत असणार.

आता इतिहास. १८३८ मध्ये म्युनिकच्या स्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तारायंत्राला दोन तारा लागत नाहीत. एक तार टाकायची, दुसऱ्या तारेच्या जागी दोन्ही टोकांना जमिनीत पत्रा पुरायचा. प्रवाह मातीतून परत येतो. तांबं महाग होतं आणि जमीन फुकट. त्यामुळे जगभर तारा एकेरी टाकल्या गेल्या, आणि पुढे टेलिफोन आला तेव्हा तोही तसाच चालू झाला. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ च्या जानेवारीत सुरू झालं. त्या काळी टेलिफोनचा कान आतासारखा किटला नव्हता, रस्त्यात दुसरी वीजच फारशी नव्हती.

मग विजेच्या ट्रॅम आल्या. ट्रॅमलाही डोक्यावर एकच तार असते, परतीचा प्रवाह रुळांतून जातो. रूळ जमिनीवर टेकलेले, म्हणून त्यातला काही भाग मातीत सांडतो. त्याच मातीतून टेलिफोनचाही परतीचा प्रवाह येत असे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ट्रॅम सुरू झाल्यावर टेलिफोनमध्ये इतका गोंगाट होऊ लागला की नॅशनल टेलिफोन कंपनी ट्रॅमवाल्यांविरुद्ध कोर्टात गेली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती केकेविच यांनी निकाल दिला. दुसऱ्याच्या हद्दीत वीज सोडणं म्हणजे पाण्याचा बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडण्यासारखं आहे, हे तत्त्व त्यांनी मान्य केलं. पण ट्रॅम कायद्याने दिलेल्या परवानगीनुसार चालते म्हणून तिला जबाबदार धरता येणार नाही, असंही ठरवलं. टेलिफोन कंपनी हरली. मला हा खटला फार आवडतो, कारण हमिंगवर एका हायकोर्टाने गंभीरपणे पानंच्या पानं लिहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

हरल्यावर टेलिफोनवाल्यांना एकच रस्ता उरला: जमीन सोडायची. उपाय बारा वर्षं आधीच कागदावर तयार होता. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळून टाकण्याचं पेटंट घेतलं होतं. दोन्ही तारांवर बाहेरून सारखाच त्रास होतो, आणि ऐकणारा दोन तारांमधला फरकच तेवढा ऐकतो. लोकलमध्ये समोरासमोर बसलेली दोन माणसं एकत्रच हिंदकळतात, त्यांच्या गुडघ्यांमधलं अंतर तेवढंच राहतं, तसं. आजही स्टुडिओतल्या तीन पिनांच्या मायक्रोफोन केबलमध्ये हेच चालतं: आत पिळलेल्या दोन तारा आणि वरून तांब्याची जाळी, तीच शील्ड.

आणि घरातली ती लाल-पांढरी आरसीए केबल? तिच्यात आत एकच तार असते आणि परतीचा रस्ता जाळीतून. म्हणजे स्टाइनहाइलचंच तारायंत्र, फक्त मातीच्या जागी जाळी. आमच्या मंडळात प्रोसेसरपासून अँपपर्यंत २५ मीटर लांबीची जी वायर होती, ती लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ह्याच जातीची होती. एकविसाव्या शतकातला डिजिटल प्रोसेसर, आणि त्याच्या पुढे १८३८.

मुंबईत विजेच्या ट्रॅम मे १९०७ मध्ये आल्या. टाटांची खोपोलीची जलविद्युत १९१५ पासून. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. आणि जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेकडची वीज बोरीवलीला पोचली. उपनगरांतल्या घरांना वीज देण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली ती १९२९ मध्ये. म्हणजे बोरीवलीत लोकल आधी विजेवर गेली, मग हळूहळू घरं. आमच्या मुलुंड-भांडुपला वीज त्या कंपनीची नाही, राज्य वीज मंडळाची आणि आता महावितरणची; पण ते राहू दे.

डीसीचं एक बरं असतं: सरळ एका दिशेने वाहणारा प्रवाह शेजारच्या वायरीत सूर उमटवत नाही. त्याची खोड वेगळी. रुळांतून सांडलेला डीसी जमिनीतल्या पाण्याच्या पाइपांतून आणि केबलच्या शिशाच्या आवरणातून वाट काढतो आणि जिथून बाहेर पडतो तिथला धातू खात जातो. डीसीवर रेल्वे चालवणाऱ्या प्रत्येक शहराने हे भोगलं आहे. आवाजाच्या बाबतीत मात्र त्या काळात मुंबईच्या रेल्वेचा त्रास साधा, कानाला ऐकू येणारा होता. १९३१ चा 'आलम आरा' ज्या स्टुडिओत चित्रित झाला तो रेल्वेमार्गाला लागून होता, म्हणून अर्देशिर इराणींच्या लोकांनी बरंचसं ध्वनिमुद्रण रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान, गाड्या बंद असताना उरकलं. ही गोष्ट सिनेमाच्या प्रत्येक इतिहासात असते. ती मला पुढे उपयोगी पडली.

१९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने २५,००० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसी स्वीकारायचं ठरवलं. कारण सोपं आहे. व्होल्टेज सोळापट झालं की तेवढ्याच ताकदीला प्रवाह सोळाव्या हिश्शाएवढाच लागतो. तार बारीक चालते, सबस्टेशन लांब लांब ठेवता येतात. पण आता रुळांवरची वीज आणि घरातली वीज एकाच सुरात आली, आणि रुळांना समांतर मैलोन्मैल गेलेल्या टेलिफोनच्या तारा हा मोठाच प्रश्न झाला. डोक्यावरून जाणारी तार आणि पायाखालचे रूळ मिळून एक प्रचंड लांबट वेटोळं होतं; त्यातला प्रवाह बदलला की शेजारच्या प्रत्येक लांब तारेत व्होल्टेज उभं राहतं. गाडीच्या तारेत शॉर्ट झालं तर टेलिफोनच्या तारेत किती व्होल्ट चढलेले चालतील, याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ४३० व्होल्ट धरली गेली. हा आकडा हमिंगचा नाही, लाइनमनच्या जिवाचा आहे.

रेल्वेने यावर काय केलं ते मला ह्या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत हुशार काम वाटतं. मातीत सांडणारा परतीचा प्रवाह थांबवायला त्यांनी जमीन तोडली नाही. त्याला दुसरी, जास्त चांगली वाट दिली. भारतातल्या २५ केव्हीच्या अनेक मार्गांवर खांबांवर एक वेगळी परतीची तार टांगली गेली आणि ठरावीक अंतरांवर बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवले. ट्रान्सफॉर्मरच्या एका गुंडाळीतून गाडीकडे जाणारा प्रवाह जातो, तो दुसऱ्या गुंडाळीतून तेवढाच प्रवाह परतीच्या तारेत ओढून घेतो. जाणारा आणि येणारा शेजारी शेजारी आले की वेटोळं चिंचोळं होतं आणि बाहेरचा त्रास घटतो. बेलच्या पिळलेल्या तारांचीच ही राक्षसी आवृत्ती.

दुसरी गोष्ट, केबलला अॅल्युमिनियमचं जाड आवरण घालून ते दोन्ही टोकांना जमिनीला जोडलं. इथे माझ्यासारख्या ऑडिओवाल्या पोराचा गोंधळ उडतो. आम्हाला पहिला धडा मिळतो तो 'शील्ड एकाच बाजूला जोडायची' असा. रेल्वे नेमकी उलटी वागते, कारण तिला आवरणात प्रवाह वाहायलाच हवा असतो. तो उलट दिशेने वाहतो म्हणून आतल्या तारांवरचं व्होल्टेज कापलं जातं. आवरणातला प्रवाह वाईट असतो का? तो आतल्या आवाजात मिसळला तरच. आवरण हे आवरणच राहिलं तर तो कामाला येतो.

ऑडिओच्या जगाला हे कळायला १९९५ साल उजाडावं लागलं. नील मन्सी नावाच्या इंजिनियरने ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये दाखवून दिलं की बहुतेक उपकरणांत केबलची जाळी, म्हणजे पिन क्रमांक १, आतल्या सर्किट बोर्डाच्या शून्याला जोडलेली असते. ती खरं तर दारातच, लोखंडी डब्याला जोडायला हवी. दारात थांबवायचा पाहुणा थेट स्वयंपाकघरात न्यायचा आणि मग तो ताट मागतो म्हणून तक्रार करायची, असा प्रकार. ह्याचं प्रमाण-मानक, एईएस४८, २००५ मध्ये निघालं. तोवर हजारो साउंडवाल्यांनी आपापल्या केबलच्या जाळ्या एका टोकाला कापून टाकल्या होत्या. तसं केल्याने घूं जाते, पण मग तीच कापलेली जाळी रेडिओला अँटेनासारखी सापडते. मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचे मध्यम लहरींचे मनोरे आहेत. त्या परिसरात स्पीकरमधून मध्येच अस्मिता वाहिनी लागली, तर आधी केबलची कापलेली टोकं बघावीत.

हा त्रास जुन्या लोकांना कमी होता याचं कारण वेगळंच आहे. वॉल्व्हच्या जमान्यातली यंत्रं टेलिफोनच्या घराण्यातली होती. आत येताना ट्रान्सफॉर्मर, बाहेर जाताना ट्रान्सफॉर्मर. भोंग्यांची १०० व्होल्टची लाइनही ट्रान्सफॉर्मरवरच चालायची. दोन गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा संबंधच नसतो, आवाज चुंबकातून उडी मारून पलीकडे जातो आणि दोन्हीकडच्या जमिनी एकमेकींना भेटत नाहीत. पुढे ट्रान्झिस्टर आणि आयसी आल्या. तांब्याची आणि लोखंडाची ती महाग, जड गुंडाळी स्वस्त मालातून सगळ्यांत आधी काढली गेली. उपकरण हलकं झालं, आवाज जास्त स्वच्छ झाला, आणि हमिंग घरोघरी पोचलं.

त्यात नव्वदच्या दशकात उपनगरांवर केबल टीव्हीचं जाळं पसरलं. गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून, विजेच्या खांबावरून गेलेल्या त्या काळ्या वायरींनी एक काम नकळत केलं: एका इमारतीचं अर्थिंग दुसरीच्या अर्थिंगला जोडलं. दोन टाक्यांची पातळी वेगळी असेल आणि मध्ये पाइप टाकला तर पाणी वाहणारच. टीव्हीला केबलची पिन लावताना बोटाला मुंग्या आल्या नाहीत असा माझ्या वयाचा मुलुंडकर, घाटकोपरकर मला भेटलेला नाही. आम्ही त्याला 'केबलचा करंट' म्हणायचो, जणू केबलवाला महिन्याच्या पैशांत तोही देतो.

आता मंडपात परत येतो.

तिसऱ्या संध्याकाळी पाऊस आला. ताडपत्रीवर साठलेलं पाणी अँपच्या रॅकवर गळत होतं. छोट्यांच्या नाचाआधी काकांना वायर संशयास्पद वाटली म्हणून त्यांनी प्रोसेसरकडून आलेली केबल अँपमधून काढली. त्या क्षणापर्यंत अँपच्या डब्याला जमिनीशी जोडणारी एकमेव गोष्ट म्हणजे त्या केबलची जाळी होती; तिसरी पिन मी मोडली होती. मंडपात ईएलसीबी होता, पण दिव्यांच्या माळांमुळे सारखा पडतो म्हणून कुणीतरी त्याला वगळून वायर जोडलेली होती. नाचाच्या वेशातला, अनवाणी, एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा तोल जाऊन रॅकला टेकला.

तो किंचाळला आणि मागे फेकला गेला. फेकला गेला हे नशीब. चिकटला असता तर? कोपर फुटलं, हाताला एक छोटा पांढरा डाग पडला, आणि त्याची आई माझ्याकडे बघत होती, कारण पिन मोडताना तीही तिथेच होती. ती मला काही बोलली नाही. १९७२ मध्ये स्वान्सीत लेस हार्वी नावाचा स्कॉटिश गिटारवादक स्टेजवर माइकला हात लावून मेला, १९७६ मध्ये यार्डबर्ड्सचा कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना. दोघांच्याही उपकरणांचं अर्थिंग धड नव्हतं. हे मी नंतर वाचलं. त्या रात्री मला फक्त आमच्याच मंडपातला तो मुलगा माहीत होता.

रात्री राखणीला मी थांबलो. बाकीचे पत्ते खेळत होते. मी दुकानातून नवा प्लग आणून अँपला लावला होता, त्यामुळे घूं परत आली होती. काकांचं म्हणणं खरं की खोटं हे तपासायचा मला एकच मार्ग सुचला, तोच 'आलम आरा'वाल्यांचा. शेवटची लोकल गेली. दोन वाजले. रुळांवर काही नव्हतं. आवाज अगदी बारीक ठेवून कान लावला: घूं तशीच, तेवढीच. मग मल्टिमीटर घेतला. प्रोसेसर आणि मिक्सर सोसायटीच्या ऑफिसातल्या सॉकेटवर होते, अँप मंडपाच्या तात्पुरत्या मीटरवर. दोन सॉकेटच्या अर्थ पिनांमध्ये जवळजवळ दोन व्होल्ट निघाले. रोषणाई बंद करायला सांगितली, आकडा उतरला. म्हणजे माळांतून गळणारा प्रवाह मंडपाच्या अर्थिंगला उचलत होता, आणि आमची २५ मीटरची जाळी ऑफिसच्या जमिनीकडे जायची जवळची वाट बनली होती. गेल्या वर्षी ऑफिस रंगकामासाठी बंद होतं. सगळंच मंडपाच्या मीटरवर होतं. म्हणून गेल्या वर्षी हमिंग नव्हतं.

रेल्वेचाही हिशोब मी पुढे कधीतरी केला. शंभर मीटरवरून तीनशे अँपिअर गेले तरी आमच्या पूर्ण वेटोळ्यात एक हजारांश व्होल्टदेखील भरत नाही. शिवाय तोपर्यंत रेल्वेचा स्वतःचा बराचसा संदेश काचेच्या तंतूंतून जाऊ लागला होता, आणि प्रकाशाला ५० हर्ट्झ ऐकू येत नाही.

पहाटे चारच्या आधी मी ऑफिसातला प्लग काढला आणि मंडपाच्या बोर्डावरून एक लांब, तीन तारांचं एक्स्टेन्शन मिक्सरपर्यंत ओढलं. घूं गेली, तिन्ही पिना शाबूत असताना. ईएलसीबीला वगळणारी वायर तोडली, तो लगेच पडला, आणि ज्या माळेमुळे पडत होता ती शोधायला उजाडलं. वर वडाच्या फांदीला बांधलेली, सोललेली निघाली.

गेल्या वर्षी गणपतीला घरी गेलो होतो. आता नोकरीत माझा विजेशी संबंध लॅपटॉपच्या चार्जरपुरता आहे, आमच्या बॅचमधल्या निम्म्यांसारखाच मीही सॉफ्टवेअरमध्ये गेलो. काकांनी रॅक उघडून दाखवला. प्रत्येक अँपच्या आधी काडेपेटीएवढा एक ट्रान्सफॉर्मर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, आणि प्लगवर लाल पेनाने लिहिलेलं: पिन तोडू नये.

"बघ, आता रेल्वेने कितीही व्होल्ट सोडू दे," काका म्हणाले.

"काका, रेल्वेचं नव्हतंच ते."

"तू लहान होतास तेव्हा. रेल्वेचंच होतं."